आकडा कानात सांगा

मे महिना. सकाळचे साडेनऊ. बसचा पत्रा आताच हात लावू देत नाही. वाशीमहून सुटलेली एसटी मंगरूळपीरच्या दिशेने खडखडत चालली आहे आणि कंडक्टर सीटमागून सीट पुढे येतो आहे. त्याच्या हातातलं मशीन टरटर करत तिकिटं काढतं.

"कार्ड?"

मी पुढे करतो. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर कार्डावर पांढरा पट्टा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि त्यापुढे निळा. माझा निळा आहे, असं सगळे सांगतात.

"किती टक्के?" इंजिनाच्या वर आवाज काढून तो विचारतो.

"शंभर."

पुढच्या सीटवरच्या गप्पा थांबतात. कोणीतरी 'अरेरे' म्हणतं. मशीन टरटरतं. मला ७५ टक्के सूट. शेजारच्या बाईंना निम्मं तिकीट, ते २०२३ पासून. मागच्या बाकावर पंचाहत्तरी ओलांडलेले एक बाबा फुकट चालले आहेत. त्यांचं वय, बाईंचं गाव, माझे टक्के, सगळ्या बसला पाठ झालं आहे.

स्टँड येतो. डिझेल, भज्यांचं तेल आणि ओल्या पोत्यांचा वास एकदम आत घुसतो. "थंडा पानी, थंडा पानी" करत एक पोरगा खिडकीखालून धावतो. भोंग्यातून कारंजा, मुर्तिजापूर, अमरावती अशी नावं घरंगळत येतात. उतरणारे उतरायच्या आत चढणारे चढतात. मी काठी उभी धरतो आणि दांडी पकडून खाली पाय सोडतो.

लगेच दंडाला हात. "कोठी जाता सायेब?"

"बँकेत."

"पैशे काढाले?"

"कामाले."

तो क्षणभर गप्प. मग म्हणतो, "चला, रस्ता पार करून देतो." तो मला ढकलू लागतो. मी त्याचा हात सोडवून त्याच्याच कोपरावर माझा हात ठेवतो. आता तो पुढे, मी अर्धं पाऊल मागे. तो थांबला की मला कळतं, वळला की कळतं. पलीकडे गेल्यावर तो "संभाळून जा बरं" म्हणतो आणि गर्दीत मिसळतो.

मला उजेड कळतो. आकार कळत नाहीत. उन्हाळ्यात सगळा रस्ता म्हणजे एक पांढरा भगभगीत पडदा. त्यात दुकानांच्या ताडपत्र्या काळपट पट्टे काढतात. पट्ट्याखाली गेलं की मानेवरचं ऊन उतरतं. काठी डावी-उजवी फिरते. फरशी. माती. पुन्हा फरशी. मग पोकळ आवाज, म्हणजे नालीवरचं झाकण. झाकण आहे याचा अर्थ पुढचंही असेल असा नाही. काठीचं टोक हवेत जातं, पाय मागे येतो.

मोटारसायकली फुटपाथवर आडव्या लावलेल्या. हँडल बरोबर बरगडीला लागतं. पेट्रोलच्या गाड्यांचं काही नाही, त्या लांबूनच सांगत येतात. बॅटरीवरची स्कूटर मात्र अंगावर येईपर्यंत चूं करत नाही. टायरखालचा खडा वाजला तेवढाच इशारा.

रसवंती लागते. चाकाला बांधलेले घुंगरू छन-छन चालू आहेत. इथून सरळ तीस-चाळीस पावलं आणि मग डावीकडे. पावसाळ्यात रसवंती बंद झाली की माझी एक खूण कमी होते. ऊदाचा वास शेजारून जातो. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला निघालेली मंडळी असावीत. पाठोपाठ दोन म्हाताऱ्या बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानात कोणाचा महाप्रसाद आहे याची चर्चा करत जातात. या गावाला मंगरूळनाथही म्हणतात. वास आणि गप्पा एकाच रस्त्याने जातात.

आंब्याची हातगाडी. मी एक आंबा उचलून नाकाशी नेतो. देठाशी दाबतो. "गावरान हाये सर, भेसळ नाही." भाव ठरतो. मी फोन काढतो. कानातल्या इयरफोनमध्ये टॉकबॅक बोलतं, बोट सरकेल तसं एकेक बटण वाचतं. रक्कम. पिन. पिनच्या वेळी ते आकडा उच्चारत नाही, नुसतं 'बिंदू' म्हणतं. मग गाडीवरचा डबा खणखणीत आवाजात जाहीर करतो, साठ रुपये प्राप्त झाले.

हा डबा माझ्यासाठी निघालेला नाही. फळवाल्याचे हात गुंतलेले असतात, स्क्रीन बघायला त्याला फुरसत नसते, म्हणून निघाला. माझी सोय आपसूक झाली. पैसे पोचले का, हे आता विचारावं लागत नाही. शेजारची बाई मात्र तडकते. "मले तं सत्तर सांगतले! याईले साठ?" फळवाला काहीतरी पुटपुटतो. मी पिशवी उचलतो आणि सटकतो.

एटीएमपुढे रांग आहे. आत एसी नाही, पंखा आहे, तो फक्त गरम हवा हलवतो. काचेच्या दारातून तापलेल्या माणसांचा वास येतो. १ जुलै २०१४ पासून बसवलेलं प्रत्येक नवं एटीएम बोलकं असलं पाहिजे, बटणांवर ब्रेल असलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे मशीन बोलतं. इयरफोनच्या भोकात धूळ बसली आहे, जॅक दोनदा फिरवून घातल्यावर आवाज येतो. पाचच्या बटणावरचा उंचवटा सापडला की बाकीचे आकडे सापडतात.

मागून एक भला माणूस पुढे सरकतो. "पिन सांगा सर, मी टाकून देतो. पटकन होईल."

रांगेत पाच-सहा जण तरी आहेत. सगळे ऐकत आहेत. त्याच्या मनात काही वाईट नाही, आवाजावरून कळतं. "होईल माझं," मी म्हणतो. तो "तसं नाही, मदत म्हणून" असं म्हणत मागे होतो.

नोटा येतात. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६. रुंदी दोघींची सारखीच, ६६. फरक चार मिलिमीटरचा. मी तर्जनी आणि मधल्या बोटात नोट धरून दुसऱ्या नोटेला कडेशी लावतो. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, पाचशेवर पाच, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल. नवी करकरीत नोट असेल तर त्या नखाला लागतात. बाजारात फिरून घामेजलेल्या नोटेवर रेघ उरत नाही, लांबीच उरते. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप २०२० च्या १ जानेवारीला आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलतं. मी ते घरी वापरतो. रांगेत उभं राहून फोनला मोठ्याने पाचशे, पाचशे, दोनशे म्हणायला लावणं बरं नव्हे.

बँकेचं शटर अर्धं वर आहे. पायरीवर माणसं बसलेली. चपलांवरून काठी फिरते तशी पावलं मागे ओढली जातात. "साहेब आले, साहेब आले, वाट द्या." आत पाय टाकताच भगभगीत पांढरं जाऊन करडं होतं. निराधारचे पैसे जमा झाल्याची बातमी गावोगाव गेलेली दिसते. श्रावणबाळचे, संजय गांधी योजनेचे. म्हाताऱ्यांना महिन्याला १,५०० रुपये. बाकांवर जागा नाही, खांबाला टेकून, भिंतीशी उकिडवं बसून लोक वाट पाहत आहेत. पासबुकांच्या प्लॅस्टिकची सळसळ. कुठेतरी एक पोर रडतं.

माझं टेबल दाराच्या उजव्या हाताला. चौकशी आणि कर्जाची कामं. मी संगणक सुरू करतो, एका कानात इयरफोन घालतो, दुसरा कान माणसांसाठी मोकळा. स्क्रीन रीडर इतक्या वेगात बोलतो की शेजारच्या सहकाऱ्याला ती नुसती चिवचिव वाटते. त्याचं नाव एनव्हीडीए; हे मोफत सॉफ्टवेअर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलं. विकतचं घेणं परवडत नव्हतं अशा कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्यावर उभ्या आहेत.

सकाळचं पहिलं पत्रक उघडतो. कान म्हणतो, ई, ए, एक्स, जे. हे 'मंगर' आहे. जुन्या कृतिदेव फॉन्टात म, अनुस्वार, ग आणि र यांच्यामागे हीच इंग्रजी अक्षरं बसलेली असतात. डोळ्याला मराठी, कानाला कचरा. दुसरं पत्रक उघडतो. त्यात शब्दच नाहीत, कागदाचा फोटो आहे. मी ते दोन्ही बाजूला ठेवतो. दुपारी सहकारी वाचून दाखवील, त्याला वेळ मिळाला की.

एक शेतकरी समोर येऊन बसतो. पीककर्जाचं विचारायला आला आहे. सात-बारा, आठ-अ, आधार, सगळं पिशवीतून बाहेर. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं, हे त्याला माहीत आहे. त्याला दुसरंच विचारायचं आहे.

"सायेब, तुमाले दिसत नाही तं नोकरी कशी भेटली?"

असं सरळ विचारणारा माणूस मला आवडतो. "परीक्षा दिली," मी सांगतो. "मी सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. तासामागे वीस मिनिटं जास्तीची."

"आन् जागा?"

"२०१६ च्या कायद्यात शंभरात चार जागा अपंगांच्या. त्यातली एक डोळ्यांवाल्यांची."

"डोळे नसलेल्यायची म्हना."

आम्ही दोघं हसतो. कागद पुढे सरकतात.

पलीकडे नवं खातं उघडायचं चाललं आहे. फोन समोर धरलेला. "डोळे मिचकवा, आता मिचकवा," सहकारी सांगतो आहे. समोरचा म्हातारा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा. त्याला कधी मिचकवायचं ते समजत नाही, ॲपला तो जिवंत आहे हे समजत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्कात धरला पाहिजे आणि केवायसीत नुसत्या डोळ्यांच्या उघडझापीवर अडून राहू नका. ॲसिड हल्ल्यात डोळे होरपळलेली माणसं आणि एक पूर्ण अंध नागरिक या याचिकांमागे होते. निकाल दिल्लीत लागला. इथे तिसऱ्यांदा "मिचकवा" चाललं आहे.

वीज जाते. पंखे घुरघुरत थांबतात. हॉलमधून एकच उसासा निघतो. यूपीएसवर संगणक टिकून आहेत, प्रिंटर मेला आहे. मी ड्रॉवर उघडून 'स्पर्शज्ञान'चा अंक काढतो. मुंबईहून २००८ मध्ये सुरू झालेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. ब्रेलच्या टपालाला आपल्याकडे तिकीट लागत नाही. टेबलाखाली मांडीवर ठेवून दोन ओळी वाचून होतात तोवर वीज येते आणि रांग पुन्हा उठते.

अंगठ्याच्या मशीनशी अडलं आहे. एक आजी. मशीन नकाराची शिटी देतं. निंदण, कापूस वेचणी, भांडी; बोटावरच्या रेषा उरतील कशा? आजी बोट पदराला पुसते. पुन्हा नकार. कोणीतरी सुचवतं, केसावरून फिरव माय, तेल लागू दे. ती फिरवते. या वेळी शिटी वेगळी वाजते.

"चौकशीला त्या सायबांकडं जा."

ती काठी टेकत माझ्यापाशी येते. तिची काठी आणि माझी काठी टेबलाच्या एकाच कडेला. पासबुक माझ्या हातात देते. मी नंबर विचारतो, ती चिठ्ठी पुढे करते. मला चिठ्ठी वाचता येत नाही, तिलाही नाही. शेवटी आधारचा नंबर कामी येतो, तो तिला तोंडपाठ आहे.

"आले का रे बापू?"

"आले."

ती टेबलावर वाकते. तंबाखू आणि घामाचा वास. "हळू सांग. नातू दाराशी उभा हाये."

स्क्रीन रीडर माझ्या कानात आकडा म्हणतो. दोन महिन्यांचे एकदम आले आहेत. मी पुढे झुकून तिच्या कानाशी सांगतो, तीन हजार. ती काही बोलत नाही. बोटांनी टेबलावर हिशोब चालतो, टक्, टक्, टक्.

माझ्या नावाने येणारी पत्रं एकेकाळी शेजारचे काका वाचून दाखवत. मार्क, पगार, डॉक्टरांची चिठ्ठी. वाचून झालं की पुढे काय करावं याचा सल्ला त्यातच यायचा, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं ठाऊक व्हायचं. फोन बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदा माझ्या खात्यात किती आहेत हे मला एकट्याला माहीत झालं.

"पाचशेच काढाचे," आजी ठरवते. "बाकीचे राहू दे आत. इचारलं तं पाचशेच आले म्हन."

"मी कोणाला काही सांगत नाही आजी. बँकेचा नियम आहे."

"चांगला हाये नियम." ती पासबुक ब्लाऊजमध्ये खोचते आणि रोकड खिडकीकडे निघते.

दुपारचे दोन. पायरीवरचं ऊन आत सरकलं आहे, माझ्या बुटापर्यंत. रांग अजून दारापर्यंत आहे. मागच्या खांबाला टेकलेला एक जण बसल्या जागेवरून ओरडतो, "सायेब, माह्यावर किती थकले हो? मागच्या सालचं धरून?"

सगळा हॉल कान टवकारतो.

"जवळ या भाऊ," मी म्हणतो. "थकबाकी काय गावाला सांगायची असते?"