कुत्र्याची पिल्लं विकायची, तर आधी नोंदणी

आज शेळी नाही, गाय नाही, आज कुत्र्याविषयी बोलायचं आहे. हसू नका. मागच्या महिन्यात एका बचत गटात कर्जाचा अर्ज आला, तो लॅब्राडॉर जातीच्या मादीसाठी. रक्कम तीस हजार. ताईंनी सगळा हिशेब मांडला. तालुक्याचा एक माणूस मादी देणार, नरही तोच आणणार, पिल्लं महिन्याची झाली की रोख देऊन तोच उचलणार. वर्षाला दोन वेतं. कागदपत्रांचं विचारलं तर तो म्हणाला म्हणे, "वहिनी, कुत्रं आहे ते, दारूचं दुकान नाही. परवाना कशाला?"

गट जवळजवळ हो म्हणणारच होता. अध्यक्षांनी प्रोसिडिंगचं रजिस्टर उघडलं होतं. मी म्हटलं, एक बैठक थांबा, चौकशी करू. त्या चौकशीतून जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगते, कारण असे माणसं गावोगाव फिरतायत.

परवाना लागतो. आपल्या देशात प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी वेगळे नियम केले. विक्रीसाठी जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. फी पाच हजार रुपये, मुदत दोन वर्षं, पुढे नूतनीकरण. आधी जागेची पाहणी होते. आणि हे नीट ऐका: नियमात पैदास करणारा म्हणजे फक्त मादी पाळणारा नाही. मधला दलाल आणि व्यापारीही त्यातच मोडतो. म्हणजे त्या भाऊंना स्वतःलाच नोंदणी हवी होती!

आपल्या दारातली गावठी कुत्री व्याली आणि पिल्लं शेजारीपाजारी दिली, तर तो धंदा नव्हे. त्याला कोणी नोंदणी मागत नाही.

आता तो "वर्षाला दोन वेतं" चा हिशेब. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते. म्हणून माणसाला वाटतं, दोन वेतं सहज निघतील. नियम म्हणतो, बारा महिन्यांत एकच वेत. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिला भरवायचं नाही, आठ वर्षांनंतरही नाही, आणि सगळ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. भरवण्याआधी ती तंदुरुस्त आहे, हे पशुवैद्यकाने तपासून लिहून द्यावं लागतं. बहीण-भाऊ किंवा आई-लेक यांची जोडी लावायची नाही. आपण बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाळणा लांबवायचं आपल्याला सांगायला आशाताई घरी येतात, त्या मुक्या जिवाला कोण सांगणार? तिला विश्रांती मिळाली नाही तर ती खंगते, पिल्लं कमजोर होतात.

दुसरी गोष्ट महिन्याच्या पिल्लाची. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. यामागे कारण आहे. पिल्लाला सुरुवातीची रोगप्रतिकारशक्ती आईच्या चिकातून, दुधातून मिळते, आणि पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दिली जाते. तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून टोपलीत घालून एसटीने नेलं, की ते नेमकं उघडं पडतं. पार्व्हो नावाचा आजार आहे, रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. घेणारा मग भांडायला कोणाकडे येणार? दलालाचा फोन बंद असतो.

विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवायची असते. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, सुईने कातडीखाली जाते. तिच्यातल्या नंबरावरून जनावर कोणाचं ते कळतं, जसा गाईच्या कानातला बिल्ला. शिवाय खाणं, लस, जंताचं औषध यांची माहिती घेणाऱ्याला लेखी द्यायची आणि आपल्याकडे नोंदी ठेवायच्या. बाजारात रस्त्यावर मांडून पिल्लं विकायला बंदी आहे. प्राण्यांच्या दुकानांसाठीही २०१८ चे वेगळे नियम आहेत, त्यांनाही नोंदणी लागते. (आणि पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट कोणी विकत असेल तर घेऊ नका. तो वन्यजीव कायद्याखाली येतो, पाळणाराही अडकतो.)

त्याच बैठकीत एकीने विचारलं, मग गावातली मोकाट कुत्री टेम्पोत घालून एखाद्या आश्रमात सोडली तर? तेही चालत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. हे काम करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. तेव्हा पावतीपुस्तक घेऊन कोणी प्राण्यांच्या आश्रमासाठी वर्गणी मागायला आलं, तर आधी संस्थेची नोंदणी बघा.

शिक्षेचं म्हणाल तर १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, आजही. पन्नास रुपयांत दोघींचा चहा-भजी होत नाही. नियम चांगले आणि धाक एवढासा, म्हणूनच अशा माणसांचं फावतं, असं मला वाटतं. पण नोंदणी नसेल तर धंदा बंद पडू शकतो, आणि तेव्हा हप्ता दलाल भरत नाही. तो गटालाच भरावा लागतो.

पुढच्या बैठकीत आम्ही ताईंचा हिशेब पुन्हा केला. दोन वेतांऐवजी एक. पिल्लं तीस दिवसांऐवजी साठ दिवस सांभाळायची, त्यांचं खाणं, लस, चिप, डॉक्टर. नोंदणीची फी. एखादं पिल्लू दगावेल तेही धरलं. पहिल्या वर्षी कर्जाचा हप्ता जाऊन हातात फारसं काही राहत नव्हतं. ताई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "त्यांनी तर मला फक्त बेरीजच दाखवली होती."

गटाने ठराव लिहिला: त्या माणसाने स्वतःच्या नोंदणीची प्रत आणावी, ताईंनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन अर्जाची माहिती घ्यावी, तोवर कर्ज स्थगित. ताई जाऊन आल्या. त्या अजून विचार करतायत, कदाचित दोन शेळ्याच घेतील. माणूस "उद्या आणतो" म्हणाला होता, त्याला आता तीन आठवडे झाले.