तीन लोंब्या आणि प्रयोगशाळेतील धान

बल्लारपुराहून गोंदियाकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे मूल, सिंदेवाही, तळोधी, नागभीड ही स्थानके एकामागून एक लागतात. जंगल संपले की धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की पुन्हा जंगल, असा हा सारा मुलूख आहे. आमचे बल्लारपूर कोळशाचे व कागदाचे गाव म्हणून प्रसिद्ध असले, तरी येथील चुलीवर शिजणारा तांदूळ याच वाटेवरील बांध्यांतून येतो. तेव्हा धानाच्या बियाण्यात काही नवे घडले असता त्याची चौकशी करणे आपणां सर्वांस अवश्य आहे.

तसे नवे घडले आहे. ता. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्ली येथे धानाचे दोन नवे वाण जाहीर केले. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून काढलेला ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ ‘कमला’ हा पहिला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० पासून काढलेला ‘पुसा डीएसटी राइस १’ हा दुसरा. हे वाण संकराने झालेले नसून ‘जनुक-संपादन’ नामक नव्या विद्येने झालेले आहेत. ही विद्या काय आहे, तिच्यापासून आपला लाभ कोणता व सावधगिरी कोठे बाळगावयाची, हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला

परंतु प्रथम घरची गोष्ट सांगितली पाहिजे. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या बांधीत त्यांस तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दाणे जपून ठेवले, पुढल्या हंगामी निराळे पेरले, आणि वर्षानुवर्षे निवड करून एक बारीक व रुचकर धान सिद्ध केले. त्या काळी एचएमटी घड्याळांचा मोठा लौकिक होता. तेच नाव या धानास पडले. आज बाजारात एचएमटी तांदूळ ठाऊक नाही असा गृहस्थ विरळा. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने दादाजींचा सन्मान केला. तथापि ज्या वाणावर अनेकांनी पैसा जोडला, त्या वाणाच्या जनकाचे दिवस मात्र ओढगस्तीतच गेले. २०१८ साली ते वारले.

त्या तीन लोंब्या निराळ्या का झाल्या? प्रत्येक दाण्याच्या पेशीपेशींत त्या झाडाचे सर्व गुण लिहिलेली जणू एक पोथी असते. तिच्यातील एकेका वाक्यास आपण जनुक म्हणू. या पोथीची नक्कल होताना निसर्गतःच क्वचित एखादे अक्षर बदलते आणि झाड निराळे निपजते. शेतकरी आजवर असा बदल घडण्याची वाट पाहत आला. नव्या विद्येने तो हवा तेथे घडवून आणता येतो, एवढाच काय तो भेद.

कात्री कशी चालते

ही युक्ती माणसाने मुळात जिवाणूंपासून घेतली. जिवाणूंवर विषाणू चालून येतात, तेव्हा पूर्वी येऊन गेलेल्या शत्रूची खूण जिवाणू जपून ठेवतो व ती खूण पटताच विशिष्ट प्रथिनाच्या कात्रीने शत्रूचे जनुकद्रव्य कापून टाकतो. एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी २०१२ साली ही कात्री हवी ती खूण देऊन हव्या त्या जागी चालविता येते असे दाखविले. २०२० साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कात्रीस क्रिस्पर म्हणतात.

आता ‘कमला’चे पाहू. धानाच्या लोंबीत किती दाणे धरावयाचे, हे सायटोकायनिन नामक वाढीच्या द्रव्यावर पुष्कळसे अवलंबून असते. हे द्रव्य मोडून टाकणारे एक जनुक आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली असे दाखविले की, ‘हाबाताकी’ नावाच्या धानात हे जनुक निसर्गतःच मंद असल्याने त्याच्या लोंबीस दाणे अधिक लागतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा महसुरीत तेच जनुक कात्रीने मंद केले. संस्थेच्या चाचण्यांत मूळ वाण हेक्टरी सुमारे ४५ क्विंटल, तर कमला सुमारे ५३ क्विंटल उतरला. शिवाय तो सुमारे वीस दिवस आधी, म्हणजे १३० दिवसांत, तयार होतो. दुसरा वाण खारवट व चोपण जमिनीसाठी आहे.

आपल्या तलावांखालील शेतीस अधिक उत्पन्नापेक्षा हे वीस दिवसच अधिक मोलाचे वाटतात. परतीचा पाऊस दगा देतो आणि मामा तलावाचे पाणी आटू लागते, तेव्हा शेवटच्या एका पाण्यावाचून लोंबी पोची राहते, हा अनुभव कोणास नाही? धान लवकर निघाल्यास ओलीवर हरभरा किंवा जवस साधण्याची सोयही वाढेल.

कपाशीचा धडा

वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूचे कपाशीवाले येथे विचारतील, ‘हे बीटीसारखेच नव्हे काय?’ तसे नाही. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत जिवाणूचे परके जनुक घातलेले आहे. कमलेत परके जनुक ठेवलेले नाही. तिच्या स्वतःच्याच जनुकात बदल केला आहे. याच कारणास्तव केंद्र सरकारने ३० मार्च २०२२ च्या ज्ञापनान्वये अशा वाणांस जनुकबदल पिकांच्या कित्येक कडक नियमांतून सूट दिली. ही सूट व चाचण्यांचे आकडे यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आहेत, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परंतु बीटीचा एक धडा येथेही लागू आहे. गुलाबी बोंडअळी कालांतराने त्या विषास सरावली आणि २०१७ साली विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. आता संगणकाच्या साह्याने मुळीच अस्तित्वात नसलेली नवी प्रथिनेही रचता येतात. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांस प्रथिनरचनेसाठी, आणि डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांस प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या कामासाठी मिळाले. उद्या या मार्गाने किडीवर नवी अस्त्रे निघतील. मात्र कीडही शिकत असते. एकाच अस्त्रावर विसंबणारा शेवटी फसतो.

आपण काय करावे

कमला ही मुळात सांबा महसुरीच आहे, आणि सांबा महसुरीस कडा करपा लवकर ग्रासतो. आपल्याकडे गादमाशी व तुडतुड्यांचाही उपद्रव असतो. म्हणून शिफारशीत महाराष्ट्राचे नाव आहे एवढ्यावर सर्व शेत तिच्या हवाली करू नये. प्रमाणित बियाणे हाती आल्यावर एकच बांधी घ्यावी. अर्ध्या बांधीत नवा वाण, अर्ध्या बांधीत आपला नेहमीचा. पऱ्हे एकाच दिवशी टाकावे, रोवणी एकाच दिवशी करावी, खत व पाणी सारखे द्यावे. दहा दहा लोंब्यांचे भरलेले व पोचे दाणे मोजावे, रोगकिडींची नोंद ठेवावी, चुरल्यावर वजन करावे आणि भात शिजवून घरच्या मंडळींचे मत घ्यावे. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातील तज्ज्ञांस ही वही दाखवावी.

दुसरी गोष्ट हक्काची. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व छापील नावाच्या पिशवीविना विकण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. क्रिस्परच्या कात्रीवर मात्र परदेशी संस्थांचे स्वामित्व आहे. तेव्हा सरकारी संस्थांनी केलेल्या या वाणांच्या बियाण्यावर पुढे कोणाचे कोणते बंधन राहील, हे आपल्या संस्थांनी आताच लेखी विचारून घ्यावे.

शेवटी एवढेच की, घरचे जुने बी मोडून नवे घेऊ नये. कणगीच्या कोपऱ्यात त्याचा वाटा राहू द्यावा. प्रयोगशाळेच्या कात्रीस जो गुण कापावयाचा वा जागवावयाचा असतो, तो प्रथम कोणाच्या तरी शेतात कोणाच्या तरी डोळ्यांस दिसलेला असतो. यंदा लोंबी भरली म्हणजे आपणही बांधावरून एक फेरी सावकाश मारावी. निराळी लोंबी दिसल्यास ती वेगळी काढावी आणि तिच्यासोबत तारीख, बांधी व आपले नाव लिहून ठेवण्यास चुकू नये.