घरगुती आगगाडी आणि तिच्या काठचीं झाडें

पुण्यास कोथरूड येथें कै. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तें पाहून आलेलीं मुलें घरीं येतांच कोणता हट्ट धरतात, हें पुष्कळ पालकांच्या परिचयाचें असेल. इंजिन, डबे व रूळ घरीं घडत नाहींत. त्यांस मूल्य द्यावेंच लागतें, आणि तें थोडें नसतें. एवढा खर्च झाल्यावर हात आंखडतो व गाडी नुसत्या फळीवर गोल फिरत राहते. तिचा कंटाळा येण्यास आठ दिवस पुरतात. मग ती माळ्यावर जाते. ती माळ्यावर जाऊं नये असें वाटत असेल तर तिच्याभोंवतीं एखादा प्रदेश पाहिजे, आणि प्रदेश म्हणजे प्रथम झाडें. सुदैवानें ह्या खेळांत जी वस्तु सर्वांत अधिक संख्येनें लागते तीच घरीं सर्वांत स्वस्तांत होते.

बाजारांत तयार झाडें मिळत नाहींत असें नाहीं. परंतु त्यांतील पुष्कळशीं युरोपांतील डोंगरांवरचीं, शंकूसारखीं निमुळतीं असतात. आपल्याकडील मुलांच्या मनांत मात्र बहुधा बोरघाट असतो. १८६३ सालीं खुला झालेला, कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ असलेला तो मार्ग ज्यानें खिडकींतून पाहिला आहे, त्याला खंडाळ्याच्या कड्यावर आल्प्स पर्वतांतील झाडें कशीं रुचावीं? पैसे खर्चून खोटेपणा विकत घेण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम प्रमाण ठरवावें. घरगुती गाड्यांत एचओ नांवाचें प्रमाण फार प्रचलित आहे. त्यांत प्रत्येक वस्तु मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते. म्हणजे बारा मीटर उंचीचा आंबा सुमारें १४ सेंटिमीटर भरतो आणि त्याखालीं उभा असलेला माणूस दोन सेंटिमीटरांहूनही किंचित ठेंगणा. पुठ्ठ्याचा असा एक माणूस कापून कामाच्या जागीं उभा करून ठेवावा. झाड फार मोठें होऊं लागलें कीं तो बिचारा आपोआप सांगतो.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस अमरकोशांतील वनौषधिवर्ग आठवत असेल. मुळापासून शाखा फुटतात तेथपर्यंतच्या भागास अमरसिंहानें प्रकांड व स्कंध अशीं नांवें दिलीं आहेत. मुलें झाड करूं लागलीं म्हणजे पानांपासून आरंभ करतात आणि काठीवर हिरवा गोळा बसवून मोकळीं होतात. आरंभ ह्या प्रकांडापासून झाला पाहिजे. आंब्याचा बुंधा थोडक्यांत आटोपतो व फांद्या चहूंकडे पसरतात. सांवरीचा सरळ वर चढत जातो व त्याला टप्प्याटप्प्यानें आडव्या फांद्या फुटतात. एवढा भेद साधला तर पानें थोडीं कमी पडलीं तरी झाड ओळखूं येतें. मुलांना अंगणांत अगर रस्त्यावर नेऊन एकेका झाडाचा नुसता सांगाडा पाटीवर काढावयास लावावें. ह्या अर्ध्या तासास कांहीं खर्च नाहीं.

सांगाड्यास गवंडी लोखंडी सळया बांधण्याकरितां वापरतात ती बाइंडिंगची तार उत्तम. ती किलोवर मिळते. वीस गेजच्या तारेचे वीस सेंटिमीटर लांबीचे वीस तुकडे एकत्र घ्यावे. खालचीं टोकें दोन सेंटिमीटर सोडून त्यापुढें बुंध्याच्या उंचीपर्यंत जुडी घट्ट पिळावी. नंतर तिचे चार-पांच भाग करून प्रत्येक निराळा पिळावा, त्याचे पुन्हां दोन-दोन भाग करावे, आणि शेवटीं एकेरी तारा राहतील त्या डहाळ्या. खालच्या टोकांपैकीं कांहीं मुळांसारखीं पसरावीं व तीन-चार सरळ खालीं खुंटीसारखीं ठेवावीं. अशा हिशेबानें एका किलोंत सुमारें पन्नास सांगाडे होतात. सांवरीसाठीं मात्र जुडी शेंड्यापर्यंत पिळीत जावें व दर टप्प्यास दोन-तीन तारा काटकोनांत बाहेर काढाव्या. तारेचीं टोकें हातास लागतात. कापण्याचें काम वडील माणसानें करावें.

फेव्हिकॉलमध्यें चाळलेला लाकडाचा भुसा कालवून त्याचे दोन हात बुंध्यावर दिले कीं पीळ झांकले जातात. रंगाविषयीं एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. शाळेच्या रंगपेटींतला तपकिरी रंग बुंध्यास लावूं नये. आंब्याची साल काळसर करडी असते, सांवरीची राखेसारखी. पांढऱ्यांत काळा मिसळून त्यांत चिमूटभर पिवळी माती घातली म्हणजे बहुतेक झाडांचें काम भागतें.

पानांसाठीं जुन्या गादींतील स्पंज चिमट्यानें तोडून, पाणी घालून मिक्सरमध्यें बारीक करतात. हें भांडें जुनें व कायमचें निराळें ठेवावें, नाहींतर स्वयंपाकघरांतून जो निषेध येईल तो सर्वथा न्याय्य असेल. त्या चुऱ्याचे तीन भाग करून तीन निरनिराळ्या हिरव्या छटा द्याव्या आणि कडक उन्हांत वाळवावा. एकाच हिरव्या रंगाचें रान जगांत कोठें नाहीं. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी विरळ ताणून डहाळ्यांवर बसवावी, तीवर तिप्पट पाणी घातलेलें फेव्हिकॉल शिंपडावें व चुरा भुरभुरावा. त्या पाण्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकल्यास तें सर्वत्र सारखें पसरतें. जाळींतून आकाश दिसलें पाहिजे. मुठीनें चुरा दाबूं नये.

देखावा कोणत्या ऋतूचा, हें झाडांपूर्वींच ठरलेलें बरें. श्रावणांतील घाट सर्व हिरवा, म्हणून सोपा. फाल्गुनाचा घाट अधिक सुंदर आणि आश्चर्य असें कीं अधिक स्वस्त. गवत पिवळें, त्यास काथ्याचे बारीक तुकडे पुरतात. आंब्यास कोठेंकोठें तांबूस पालवी. सांवर निष्पर्ण, म्हणून तिला चुरा मुळींच नको. बारीक मोहरी लाल रंगवून डहाळ्यांवर चिकटविली कीं प्रमाणांत बरोबर बसणारीं फुलें झालीं! अशी एकच सांवर बोगद्याच्या तोंडापाशीं उभी करावी. तीन केल्या तर शोभा गेली.

दाट रानासाठीं शेंकडों सांगाडे करण्याची आवश्यकता नाहीं. पुढची ओळ तेवढी बुंध्यासकट करावी. मागें दात कोरण्याच्या काड्यांवर घोसाळ्याचे पुंजके खोवले तरी चालतात, आणि ते थोडे लहान ठेवले तर डोंगर दूर असल्याचा भास होतो. शिवाय घाटांत खडकावर झाडांपेक्षां करवंदीच्या जाळ्या फार; त्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून होतात. झाडें कवायतीच्या मुलांसारखीं रांगेंत उभीं करूं नयेत.

वळणावर लांब डब्याचा मध्यभाग आंतल्या बाजूस व टोकें बाहेरच्या बाजूस रुळाबाहेर येतात. म्हणून सर्वांत लांब डबा हातानें एकदां फिरवून पाहावा व मगच भोकें पाडावीं. तारेच्या खुंट्या भोकांत नुसत्या खोवाव्या, चिकटवूं नयेत. चार पाहुणे आले व फळी भिंतीशीं उभी करण्याची वेळ आली, तर सगळें रान उपटून बिस्किटांच्या डब्यांत कापसावर निजवून ठेवतां येतें.