नांगराचा गंज आणि शेंदूर

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या पडवींत आजहि एकादा लोखंडी नांगर गंजत पडलेला आढळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ च्या सुमारास असे नांगर करावयास आरंभ केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. ती आतां सांगली जिल्ह्यांत मोडते, आणि औंध गांव साताऱ्यांत. असा नांगर, किंवा त्याच्यामागून आलेला ट्रॅक्टर, रंगवून जपावा असें शहरवासी नातवास वाटलें तर तें योग्यच होय. परंतु रंगाचा डबा सर्वांत शेवटीं उघडावयाचा असतो.

लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून त्यावर दिलेला रंग, कितीहि उंची असला तरी, पापुद्र्यानें सुटतो.

खरा धोका मात्र जुन्या रंगांतच आहे. पूर्वीं लोखंडास पहिला हात बहुधा शेंदराचा देत. मारुतीस चढतो तोच हा शेंदूर. तो शिशापासून होतो. असा रंग कोरडा घासला कीं त्याची धूळ श्वासावाटें शरीरांत जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूस ती कायमचा अपाय करते. ज्योतीनें जाळणें तर त्याहून वाईट. रंग पाण्यानें भिजवूनच खरवडावा व नाकावर बारीक धूळ अडविणारा मुखवटा बांधावा. साध्या रुमालाचा येथें उपयोग नाहीं. निघालेले पापुद्रे बंद डब्यांत ठेवावे, गोठ्याजवळ टाकूं नयेत. गुरें ते चाटतात.

बिडाचे भाग ठिसूळ असतात. ते हातोड्यानें ठोकूं नयेत. प्लॅस्टिकच्या पिंपांत धुण्याच्या सोड्याचें पाणी घेऊन बॅटरी भरण्याच्या यंत्राची ऋण तार नांगराच्या भागास व धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्यास जोडावी, आणि मगच वीज सुरू करावी. स्टेनलेस पोलादाचा पत्रा कदापि घेऊं नये. त्यांतून विषारी क्रोमियम पाण्यांत उतरतें. येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, यास्तव हें काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावें. या रीतीनें गंज सुटतो आणि बिडांत ओतलेलीं कारखान्याचीं अक्षरें शाबूत राहतात. घासणीच्या चाकाखालीं हींच अक्षरें प्रथम जातात. मग नांगर कोणाचा, हें सांगणारें कांहीं उरत नाहीं.

धुतलेलें उघडें लोखंड थोड्याच वेळांत पुन्हां तांबूस होऊं लागतें. तें उन्हांत कडकडीत वाळवून त्याच दिवशीं शिसें नसलेल्या प्राइमरचा हात द्यावा. महाबळेश्वराच्या बाजूस हें काम आषाढ-श्रावणांत काढूंच नये. जत-आटपाडीकडे तितकी अडचण नाहीं.