संमिश्र प्रतिकृती-विमानाची जुळणी

रेडिओ-संदेशांनी चालविल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांच्या आरंभीच्या प्रयोगांत अमेरिकेतील विल्यम व वॉल्टर गुड या बंधूंनी १९३७ साली उडविलेल्या विमानाची गणना होते. त्या काळी, आणि पुढेही अनेक वर्षे, अशी विमाने बाल्सा लाकडाच्या पट्ट्या व कागद किंवा रेशीम यांतून घडविली जात. आज मोठ्या आकाराची पुष्कळ विमाने संमिश्र पदार्थांची असतात. काचतंतूंचे वा कार्बन-तंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसविले जाते आणि तयार झालेले धड, पंख व पुच्छ रंगासह ग्राहकाच्या हाती पडतात. त्यामुळे घडविण्याचे श्रम संपले, उरली ती केवळ जुळणी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः विमानाची सुरक्षितता बऱ्याच अंशी या जुळणीवरच अवलंबून असते.

उदाहरणादाखल १२ किलोग्रॅम वजनाचे विमान घ्यावे. कसरतीतील तीव्र वळणात पंखांवर दसपट भार आला, तर तो १२० किलोग्रॅम, म्हणजे प्रत्येक पंखावर सुमारे ६० किलोग्रॅम होतो. तो मुख्यतः पंखांतून धडात आरपार जाणाऱ्या एका नळीमार्फत धडाकडे पोहोचतो. पंखाचे कवच कितीही मजबूत असले तरी नळीचे घर कवचापासून सुटल्यास त्या मजबुतीचा काहीही उपयोग नाही. पदार्थ बहुधा मध्यभागी तुटत नाही. तो सांध्याशी निखळतो.

‘सांधा’ या शब्दाच्या मुळाशी असलेला ‘संधि’ हा शब्द येथे उद्बोधक ठरतो. व्याकरणात दोन वर्ण नुसते शेजारी आले म्हणजे संधी होत नाही. जुळताना त्यांच्या रूपात पालट व्हावा लागतो. इपॉक्सीच्या जोडाचेही तसेच आहे. साच्यातून निघालेल्या भागावर मेणाचा सूक्ष्म थर राहिलेला असू शकतो, आणि रंगाच्या थरावर केलेला जोड त्या रंगाइतकाच पक्का असतो. म्हणून प्रथम पृष्ठभाग स्पिरिटने पुसून मेण काढावे, मग रंग घासून तंतू उघडे करावेत, भूल राहू न देता पुन्हा पुसावे आणि त्यानंतरच सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी लावावे. काचतंतूंची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने घासताना मुखावरण आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न हलणाऱ्या सांध्यांचा. एलेरॉन, एलेव्हेटर व रडर यांना सर्व्हो नावाचे छोटे विद्युत-यंत्र एका दांडीद्वारे हलविते. दांडीच्या टोकांशी किंवा बिजागरीत थोडीशी जरी ढिलाई राहिली, तरी वेग वाढताच पृष्ठ फडफडू लागण्याचा संभव असतो; ही फडफड क्षणार्धात वाढून पंख वा पुच्छ उद्ध्वस्त करू शकते. यास्तव दांडीच्या टोकांना धातूचे गोलसांधे बसवितात आणि पृष्ठावरील शिंग कवचात खोलवर रोवून चिकटवितात.

तिसरा सांधा डोळ्यांना न दिसणारा, म्हणजे विमान व चालक यांमधील रेडिओ-संबंधाचा. काचतंतूंतून रेडिओ-लहरी सहज पार होतात. कार्बन-तंतू मात्र विद्युत्-वाहक असल्याने त्या अडवितात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते व रिसीव्हरच्या अँटेनाचे उघडे टोक साधारणतः तिच्या एकचतुर्थांश, म्हणजे तीन सेंटिमीटरांच्या आसपास असते. एवढेसे टोक कार्बनच्या भागामागे झाकले गेल्यास विमानाच्या एखाद्या विशिष्ट स्थितीत संबंध तुटू शकतो. म्हणून दोन अँटेना कार्बनपासून दूर व परस्परांशी काटकोनात ठेवतात.

सर्व भाग जुळल्यावर गुरुत्वमध्य तपासावा लागतो. उपरोक्त विमानात अर्ध्या किलोग्रॅमची बॅटरी ३० सेंटिमीटर मागे सरकविली, तर गुरुत्वमध्य सव्वा सेंटिमीटर मागे जातो. हे अंतर क्षुल्लक भासले तरी तो मर्यादेपलीकडे मागे गेल्यास विमान अस्थिर होते.

एवढ्या दक्षतेचे कारण उघड आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या विमानाचा आघात तेवढेच वजन सुमारे ३९ मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी प्रतिकृती-विमानासाठी २५ किलोग्रॅमची वजनमर्यादा आणि दृष्टीच्या टप्प्यातच उड्डाण करण्याची अट घातली. परंतु विमान नजरेसमोर असले तरी निखळलेला सांधा चालकास हवेत दुरुस्त करता येत नाही. म्हणून पहिल्या उड्डाणापूर्वी प्रत्येक पृष्ठ योग्य दिशेस वळते की नाही, अंतर वाढवीत नेल्यास संबंध टिकतो की नाही आणि तो तुटल्यास इंजिन आपोआप मंदावते की नाही, हे जमिनीवरच पाहिले पाहिजे. कवचाच्या आतील जोड मात्र त्याही आधी, झाकण बंद करण्यापूर्वी तपासावेत. कारण पुढे रंगीत पृष्ठभाग पाहून त्यांच्या बळाविषयी काहीच अनुमान करता येत नाही.