आयती आज्ञावली आणि शिकणारा

छिंदवाड्यापासून वेगळा होऊन २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर येथील पुष्कळ घरांत बोली मराठी, शाळेत हिंदी आणि संगणकाची आज्ञावली लिहावयाची म्हणजे इंग्रजी, असा तीन पायऱ्यांचा जिना विद्यार्थ्याला चढावा लागतो. पायथॉनसारख्या भाषेत एखादा कंस राहून गेला, की पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटते. तिचा अर्थ लागेपर्यंत उत्साह मावळतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि ही अडचण बरीच हलकी झाली. ती तक्रार यंत्रापुढे ठेवावी व मराठीत अर्थ विचारावा. दहादा विचारले तरी ते कंटाळत नाही. क्वचित चुकीचेही ठासून सांगते, हे मात्र विसरू नये. शहरातील शिकवणी ज्याला परवडत नाही, त्याला हा मोठाच आधार होय.

परंतु हेच यंत्र संपूर्ण आज्ञावलीही क्षणात लिहून देते. समजा, संत्र्याच्या व्यापाऱ्याला रोज आलेल्या पेट्यांचे सरासरी वजन हवे आहे. एकूण वजनाला पेट्यांच्या संख्येने भागले, की काम झाले. पण ज्या दिवशी एकही पेटी आली नाही, त्या दिवशी शून्याने भागण्याची पाळी येते आणि आज्ञावली बंद पडते. ज्याने ती विचार करून लिहिली, त्याला दोष कोठे शोधावा हे कळते. ज्याने नुसती उतरवून घेतली, तो पुन्हा यंत्राच्याच दारी जातो.

तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणितात झालेला प्रयोग हेच सांगतो. यंत्र हाताशी असता सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेताच, ज्यांना ते मिळालेच नव्हते त्यांच्याहूनही १७ टक्क्यांनी कमी पडले. उत्तराऐवजी सूचना देणारे यंत्र ज्यांना मिळाले, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. हार्वर्ड विद्यापीठानेही २०२३ साली आपल्या प्राथमिक संगणक-अभ्यासक्रमात उत्तर न देता वाट दाखविणारा असाच सहायक आणला.

तेव्हा शिकणाऱ्याने आधी कागदावर आपली रीत मांडावी. मग यंत्राला बजावावे, ‘उत्तर देऊ नकोस, माझे कोठे चुकते तेवढे दाखव.’ शेवटी प्रत्येक ओळ घरातल्या कोणाला तरी मराठीत समजावून सांगावी. जी ओळ सांगता येत नाही, ती पुन्हा शिकावयास घ्यावी.