दारव्ह्याचं ऊन आणि मेणाचा वॉल

दारव्ह्यात डिझेल गाडीच्या तक्रारीला दोन ऋतू आहेत. एप्रिल-मेमध्ये मालक सांगतो, ‘गाडी हीट मारते.’ डिसेंबर-जानेवारीत तोच मालक त्याच गॅरेजात येऊन सांगतो, ‘अ‍ॅव्हरेज देत नाही.’ पहिल्या तक्रारीवर रेडिएटर खोलला जातो, दुसरीवर नोझल आणि पंप. बिलं दोन होतात. पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं: इंजिनात असायला हवी अशी एक वस्तू तिथे नसते. तिचं नाव थर्मोस्टॅट. गॅरेजच्या बोलीत नुसता ‘वॉल’.

वस्तू तळहातात सहज मावणारी. एक चकती, एक-दोन स्प्रिंगा आणि मधोमध पितळेची किंवा तांब्याची छोटी कुपी. कुपीत मेण भरलेलं असतं. इंजिनातलं पाणी ठराविक तापमानाला पोचलं की मेण वितळतं, फुगतं आणि एका दांड्याला ढकलतं. चकती उघडते आणि गरम पाण्याला रेडिएटरकडे जायची वाट मिळते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दार लावून घेते. ना वायर, ना वीज. सर्जियस व्हर्नेट या अमेरिकेतल्या संशोधकाने १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती काढली. त्याआधी वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेले धातूचे भाते हेच काम करत. पण ते नाजूक होते आणि पाण्याच्या दाबाने बिघडत. मेणाला दाबाची फारशी पर्वा नसते. नव्वदेक वर्षं होत आली तरी ही रचना मुळात बदललेली नाही, आणि मोटारीतल्या फार थोड्या भागांबद्दल असं म्हणता येईल.

रुडॉल्फ डिझेलच्या मनात तर पाण्याची भानगडच नव्हती. उष्णता बाहेर फेकणं म्हणजे इंधन वाया घालवणं, असा त्याचा हिशेब होता. म्हणून १८९३ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात उभ्या राहिलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनाला पाण्याचं वेष्टन नव्हतं. ते काही धड चाललं नाही. १८९७ मध्ये जे यशस्वी ठरलं आणि इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावू शकलं, त्याला पाण्यानेच थंड ठेवावं लागलं. हिशेब आजही तोच आहे. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. त्यातली फार तर चार युनिटं फिरणाऱ्या शाफ्टपर्यंत पोचतात. उरलेली थोडी सायलेन्सरमधून जातात आणि थोडी पाण्यातून. गरम होणं आणि अ‍ॅव्हरेज हे एकाच जमाखर्चाचे दोन रकाने आहेत, ते असे.

आता यात दारव्ह्याचा मे महिना घाला. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हिवाळ्यातली सकाळची हवा १५ वर असेल, तर फरक ८० चा. मे महिन्याच्या दुपारी तो ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर आपल्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्क्यांवर काम करतो, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या पुढे बसलेला एसीचा कंडेन्सर आणखी गरम हवा त्याच्या अंगावर सोडत असतो. भरीला आपल्याकडचं बोअरचं पाणी. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच ओतलं की क्षाराचा थर नळ्यांच्या आत बसतो, आणि वॉलच्या दांड्यावरही बसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या गाडीची जाळी पाहा: धूळ, किडे आणि वर रुईच्या तंतूंचं पांघरूण.

या परिस्थितीत मेकॅनिकने वॉल काढून टाकायला सुरुवात केली ती काही अडाणीपणाने नव्हे. दारव्हा–यवतमाळ, दारव्हा–दिग्रस अशा फेऱ्या मारणाऱ्या काळी-पिवळी जीपगाड्यांचे दिवस आठवा. आत माणसं कोंबलेली, मागे लटकलेली, टपावर पोती. क्षाराने वॉल बंद स्थितीत अडकला की पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नसे. मग हेड वाकायचं, गॅसकेट उडायचं आणि धंदा आठवडाभर बसायचा. नवा वॉल तालुक्याला मिळेलच याची खात्री नाही. ‘काढून टाका ना भाऊ, आपल्या उनात तो काय कामाचा?’ हे वाक्य तेव्हाच्या गरजेतून आलं. दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर तर वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि त्याला पाणी उकळण्याचीच नोकरी होती! त्याच दिवसापासून त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली, आणि दारव्हा मोतीबाग स्टेशनावरही उकळतं पाणी ही चांगली बातमी राहिली नाही.

पण गरज संपली आणि सवय राहिली. इथेच गोष्ट उलटते. बऱ्याच इंजिनांत वॉलला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते. त्याच वेळी खालची ‘बायपास’ बंद करते. बायपास म्हणजे पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरण्याची आखूड वाट. थंडीत ती हवीच असते. वॉल काढला की ही आखूड वाट कायमची उघडी राहते, आणि पाणीही माणसासारखंच, सोपी वाट धरतं. भर उन्हात गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न पाहता परत इंजिनात शिरतो. गरम होऊ नये म्हणून काढलेल्या वॉलमुळे गाडी चढावर जास्त गरम होते. मालक म्हणतो, वॉल काढला तरी हीट मारते, आता रेडिएटर बदला.

हिवाळ्यात चित्र बदलतं. पहाटे दहा-बारा अंशांत निघालेली गाडी वॉलशिवाय यवतमाळपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये नीट तापतच नाही. सिलिंडरच्या भिंती गार, तेल दाट, घर्षण जास्त. फवारलेलं डिझेल अर्धवट जळतं आणि थोडं भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतं. नव्या इंजिनांना हा त्रास अधिक. १९९८ च्या अखेरीस पुण्याहून आलेल्या इंडिकाचं १४०५ सीसी इंजिन वेगळ्या कप्प्यात डिझेल जाळणारं होतं, ते भिंतींना बरीच उष्णता देई. रांजणगावला बनलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट थेट सिलिंडरमध्ये फवारतं. ते इतकं काटकसरी, की कमी भारावर स्वतःला तापवायलाही त्याच्याकडे उष्णता उरत नाही. शिवाय तापमानाचा सेन्सर ‘इंजिन गार आहे’ असं सांगत राहतो आणि संगणक थंड इंजिनाच्या हिशेबाने डिझेल देत राहतो. अ‍ॅव्हरेज इथे सांडतं. नोझल बिचारं निर्दोष असतं.

अर्थात सगळं खापर वॉलवर फोडता येत नाही. गाडी कधी तापते हे विचारलं की निम्मं निदान होतं. चौकात उभी असताना तापते आणि पळताना उतरते, तर पंखा पाहा: विजेचा असेल तर रिले आणि मोटर, बोलेरोसारख्या गाडीत बेल्टवरचा असेल तर त्याचा सिलिकॉन तेलाचा क्लच. पळतानाच तापते, तर पाणी किंवा हवा अडली आहे: चोंदलेली जाळी, क्षार, आत चिकटलेला पाइप, झिजलेला वॉटर पंप. गार इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि पाइप दगडासारखा कडक झाला, तर गॅसकेट. रेडिएटरचं झाकण कोणी तपासतच नाही. प्रेशर कुकरच्या नियमाने ते आत दाब धरतं आणि पाणी १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळू देत नाही. रबर गेलेलं झाकण शंभरीतच हात टेकतं.

दोन्ही तक्रारी एकाच महिन्यात आल्या, तर मी आधी गाडी सपाट जागी न्यूट्रलला ढकलून पाहीन. ब्रेक धरून ठेवत असेल तर गाडी जड जाते. इंजिन डिझेल खातं, तापतंही, आणि चाकाच्या डिस्कला हात लावला तर चटका बसतो. क्लच घसरत असला तरी तेच. टर्बोचा पाइप फाटला तर काळा धूर. जुन्या इंजिनात पंपाचं टायमिंग उशिराचं झालं असेल, तर जळणं लांबतं. चाकाला मिळायची ती उष्णता पाण्याला आणि सायलेन्सरला मिळते.

वॉलची परीक्षा मात्र चहाच्या पातेल्यात होते. दोऱ्याला बांधून तो पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. चकतीवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८. पाण्यात बारीक बुडबुडे धरू लागले तरी काही घडत नाही. मग आकड्याच्या आसपास चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसते, आणि दहा-बारा अंश पुढे जाईतो ती आठ-दहा मिलिमीटर उघडते. पातेलं उतरवलं की सावकाश मिटते. अर्धीच उघडली किंवा मिटलीच नाही, तर टाकून द्यायचा. किंमत काही शे रुपये. बसवताना चकतीवरची हलती छोटी पिन वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. हे चुकलं तर हवेचा फुगा बसतो आणि नवा वॉल घालूनही गाडी तापते. मग दोष पुन्हा वॉललाच. पाणी बोअरचं नको, कूलंट आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण हवं.

बीएस-६ गाड्यांत आता हा वाद हातातून निसटत चाललाय. सायलेन्सरमधली काजळी पकडणारी गाळणी ती काजळी जाळून स्वतःला साफ करते, पण इंजिन पुरेसं तापल्याशिवाय नाही. वॉल काढला की गाळणी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येतो. अर्थ सरळ आहे: पाणी तापायला हवं तेवढं तापत नाही. म्हणजे ४५ अंशांच्या गावात संगणक गाडी गार असल्याची तक्रार करतो, आणि मालकाला ती पटवून द्यायचं काम मेकॅनिकवर येतं.